डाल्मेशियनच्या लघवीतला इतिहास

परवा सोसायटीच्या ग्रुपवर जाहिरात आली: ‘डाल्मेशियनची पिल्लं, शंभर टक्के शुद्ध, पेपर्ससह.’ डाल्मेशियन म्हणजे ते पांढऱ्या अंगावर ठिपके असलेले कुत्रे, आणि पेपर्स म्हणजे वंशावळीचा दाखला. कुणीतरी विचारलं, ही जात किती जुनी? लगेच उत्तर आलं, ‘हजारो वर्षं!’ मला त्यातल्या ‘पेपर्स’ या शब्दाची गंमत वाटली. कुत्र्यांची शुद्धता जन्मली ती कागदावरच, आणि त्याला पुरती दोनशे वर्षंही झालेली नाहीत.

कुत्र्यांचे प्रकार जुनेच आहेत. कुणी शिकारीला, कुणी मेंढरं राखायला, कुणी घोडागाडीबरोबर धावायला. पण चांगलं काम करणारा नर दिसला की तो कुठल्या घराण्यातला हे फारसं कुणी बघत नसे. जून १८५९ मध्ये इंग्लंडातल्या न्यूकॅसलच्या टाऊन हॉलमध्ये कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं. आधुनिक डॉग शोची सुरुवात इथूनच धरतात. त्यात फक्त पॉइंटर आणि सेटर, म्हणजे शिकारीचेच कुत्रे, साधारण साठ. बक्षीस बंदुकीचं. पॉइंटरच्या परीक्षकाचा सेटर पहिला आला आणि सेटरच्या परीक्षकाचा पॉइंटर! असो. मुद्दा हा, की शिकारीचा कुत्रा आता शेतात न पळता दिवाणखान्यात उभा राहून जिंकू लागला.

१८७३ साली लंडनला केनेल क्लब स्थापन झाला, पुढच्या वर्षी वंशावळीची वही छापली गेली. हळूहळू नियम घट्ट होत गेला: वहीत नाव असलेल्या आईबापांचंच पिल्लू वहीत जाणार. बाहेरच्याला दार बंद.

या सोवळ्याला त्या काळी एका अंधश्रद्धेची जोड होती. कुत्री एकदा गावठी कुत्र्याबरोबर गेली की ती कायमची बाटली, तिची पुढची सगळी पिल्लं बिघडलेली, असं भलेभले मानत. डार्विनलाही अशा गोष्टींत तथ्य वाटत होतं. मग स्कॉटलंडचा प्राणिशास्त्रज्ञ जेम्स एवर्ट याने घोड्यांच्या माद्यांना आधी झेब्र्यापासून आणि नंतर घोड्यापासून पिल्लं होऊ दिली. नंतरच्या शिंगरांत झेब्र्याचा काही अंश उतरल्याचा पुरावा मिळाला नाही. याला सुमारे सव्वाशे वर्षं झाली, तरी ‘बाटलेली कुत्री’ आजही ऐकू येते.

आता डाल्मेशियन. शरीरातल्या पेशी मोडतात तेव्हा त्यांच्या डीएनएतल्या प्युरीन रेणूंपासून युरिक ॲसिड बनतं. बहुतेक सस्तन प्राण्यांच्या यकृतात युरिकेज नावाचं विकर असतं. ते युरिक ॲसिडचं ॲलँटॉइन करतं, ते पाण्यात सहज विरघळतं आणि लघवीवाटे निघून जातं. माणसाच्या पूर्वजांनी हे विकर गमावलं, म्हणून आपल्या रिपोर्टमध्ये ‘युरिक ॲसिड वाढलंय’ असं येतं. कुत्र्यांकडे ते शाबूत आहे. तरीही डाल्मेशियनच्या लघवीत भरपूर युरिक ॲसिड असतं, हे १९१६ मध्ये स्टॅन्ली बेनेडिक्टने नोंदवलं. शाळेत साखर ओळखायला वापरलेलं बेनेडिक्टचं द्रावण याचंच.

गंमत अशी, की डाल्मेशियनचं यकृत वाटून पाहिलं तर त्यातलं युरिकेज ठणठणीत काम करतं. गिरणी चालू आहे, पण धान्य आतच येत नाही! युरिक ॲसिड पेशीच्या पडद्यातून आत नेणारं एक वाहक प्रथिन असतं. २००८ मध्ये कळलं, की त्याच्या जनुकात डीएनएचं एकच अक्षर बदललंय, ‘जी’च्या जागी ‘टी’. त्यामुळे प्रथिनातल्या साखळीत १८८ व्या जागी सिस्टीन या अमिनो आम्लाऐवजी फिनाइलॲलनिन हे दुसरंच बसतं आणि दार नीट उघडत नाही. मूत्रपिंडातही हाच वाहक लागतो, लघवीत उतरलेलं युरिक ॲसिड परत रक्तात ओढून घ्यायला. म्हणजे दोन्हीकडून तोटा. लघवीतल्या या युरिक ॲसिडचे खडे बनतात, आणि नराचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने खडा अडकला की लघवीच तुंबते.

हा दोष अप्रभावी असतो. आईबापांपैकी एकाकडून जरी या जनुकाची चांगली प्रत मिळाली, तरी पिल्लू वाचतं. पण वहीतल्या डाल्मेशियनांत चांगली प्रत उरलीच नव्हती. सुटे, ठसठशीत ठिपके निवडता निवडता हा बदलही सोबत निवडला गेला असावा, असा एक अंदाज आहे. वही बंद, त्यामुळे जोड्या कितीही विचार करून लावल्या तरी उपयोग शून्य.

१९७३ मध्ये अमेरिकेतले जनुकशास्त्रज्ञ रॉबर्ट शायबल यांनी डाल्मेशियनचा एका पॉइंटरशी संकर केला. पुढे दर पिढीत चांगली प्रत असलेली पिल्लं निवडून पुन्हा डाल्मेशियनशीच जोडली. पॉइंटरचा वाटा निम्मा, पाव, अष्टमांश असा घटत जातो. पाचव्या पिढीत तो सुमारे तीन टक्के उरतो. १९८१ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अशा दोन कुत्र्यांची नोंद केली, पण डाल्मेशियनवाल्यांच्या क्लबात गदारोळ झाला आणि दार पुन्हा बंद झालं. ते उघडलं २०११ मध्ये. तोवर त्या एका पॉइंटरचा अंश हजारात एकापेक्षाही कमी उरला होता.

तेच बदललेलं अक्षर काही बुलडॉगांत आणि ब्लॅक रशियन टेरियरांतही सापडतं. त्यांच्या वह्या वेगळ्या आहेत.