टाईलखालची ओल

फोंड्याला मावशीच्या स्वयंपाकघरात नवा कोबा, म्हणजे सिमेंटची जमीन, आणि त्यावर टाईल, दोन्ही कामं ऐन पावसात उरकली. चवथीला गणपती यायच्या आत जमीन व्हायला हवी होती. पुढच्या मे महिन्यात एका दुपारी ओट्यासमोरच्या दोन टाईल्स फट्कन आवाज करून तंबूसारख्या वर आल्या. मी एक उचलून पाहिली. सिमेंटचा थर खाली कोब्याला चिकटलेला, टाईलची पाठ मात्र कोरीकरकरीत.

दोष गवंड्याला मिळाला. खरं कारण ओलीत होतं.

कोब्यावर पाणी मारून त्याला मजबुती येते, पण मजबूत होणं वेगळं आणि वाळणं वेगळं. आतलं जास्तीचं पाणी हवेत जायला महिने लागतात, आणि पावसाळ्यात दमट हवा ते घेतच नाही. वाळताना कोबा आकसतो, मीटरमागे साधारण अर्धा मिलिमीटर. टाईल काही आकसत नाही. तीन मीटरच्या खोलीत दीड मिलिमीटर जागा कमी पडली की टाईल्स एकमेकींना रेटतात, त्यात उन्हाळ्याने त्या किंचित फुगतात. सांधे बिनफटीचे असतील तर वर उसळण्यावाचून त्यांना वाट नसते. व्हिट्रिफाइड, म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाईल अर्धा टक्काही पाणी शोषत नाही, म्हणून साध्या सिमेंटच्या घोळाला तिच्यात मूळ धरता येत नाही. तिला पॉलिमरवालं अॅडेसिव्हच हवं.

जुन्या घरात आणखी एक वाट असते, जमिनीतली. भरणीच्या मातीत आणि जोत्याच्या चिऱ्यांत बारीक पोकळ्या असतात, आणि पोकळी जितकी बारीक तितकं पाणी उंच चढतं. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत ते जेमतेम ३ सेंटिमीटर चढतं, ०.०१ मिलिमीटरच्या नळीत हिशेबाने ३ मीटर. सारवलेल्या जमिनीतून ही ओल वाफ होऊन निघून जायची. टाईल म्हणजे तिच्यावर घट्ट झाकण. म्हणून नवा कोबा घालताना भरणीवर आधी जाड प्लास्टिक अंथरावं, असं मी प्रत्येकाला सांगतो.

ओल ओळखायला यंत्र लागत नाही. हातभर प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले किंवा खालचा कोबा काळवंडला, तर थांबा.

मग बाकीचं. स्वयंपाकघरात तेलाचा थर हमखास असतो. पाण्याचा थेंब न मुरता गोळा होऊन राहिला तर घासून काढा. गुळगुळीत कोब्याला छिन्नीने टाचे मारून तो खरबरीत करा. दोन मीटरची पट्टी फिरवून तीन मिलिमीटरहून मोठा खड्डा दिसला तर आधी भरून घ्या, टाईलखाली मालाचे ढिपके ठेवून नव्हे. भिंतीलगत पाचेक मिलिमीटर फट सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकते.

मावशीने पुढच्या जानेवारीत प्लास्टिक चिकटवलं. पहिल्या सकाळी मोरीकडच्या कोपऱ्यात थेंब होते. तिने आणखी दोन महिने तशाच कोब्यावर पाट मांडून जेवणं वाढली.