खर्ज न गाळणारं पेडल

साध्या गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला साधारण ८२ वेळा कंप पावते. बेस गिटारची तशीच तार त्याच्या निम्म्याने, म्हणजे ४१ हर्ट्‌झला वाजते, आणि पाच तारांच्या बेसवर तर आपण ३१ हर्ट्‌झपर्यंत उतरतो. इफेक्ट पेडल म्हणजे वाद्य आणि ॲम्प यांच्यामध्ये जोडायचा, पायाने चालू-बंद करायचा, आवाज बदलणारा डबा. बाजारातली पुष्कळ पेडल्स मुळात गिटारसाठी आखलेली असतात. त्यांना बेस जोडला तर आवाज येतो, पेडल आपलं काम चोख करतं, फक्त खालचा भरीवपणा कुठेतरी नाहीसा होतो. म्हणून बेसवाल्यासाठी भरवशाचं पेडल म्हणजे नुसता मजबूत डबा नव्हे. त्या डब्यातून खर्ज शाबूत बाहेर पडला पाहिजे, आणि मला वाटतं हे आधी तपासावं. तुटलेला जॅक बदलता येतो, पण मूळ आखणीतच खर्ज गाळलेला असेल तर कोणतंही बटण फिरवून तो परत येत नाही.

खर्ज जातो कुठे? पेडलच्या तोंडाशीच एक छोटा कपॅसिटर असतो. तो स्थिर व्होल्टेज अडवतो आणि बदलता सिग्नल पुढे सोडतो. पण त्याच्या पुढे जो रोध असतो त्याच्याशी मिळून त्याची एक चाळणी तयार होते, आणि विशिष्ट वारंवारतेच्या खालचा आवाज ती कमी कमी करत जाते. ०.०१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १ मेगओहम रोध असेल, तर ही सीमा १६ हर्ट्‌झच्या आसपास पडते. बेसला काहीच धक्का लागत नाही. कपॅसिटर तोच ठेवून रोध १०० किलोओहम केला की सीमा थेट १५९ हर्ट्‌झवर जाते. मग ४१ हर्ट्‌झचा मूळ स्वर जेमतेम पाव उरतो. दोन्ही सुटे भाग मामुली किमतीचे, बाहेरून पेडल सारखंच दिसतं, आणि फरक मात्र एवढा!

तरीही स्वर कोणता ते आपल्याला कळतंच. मूळ वारंवारता गायब झाली तरी ८२, १२३, १६४ हर्ट्‌झचे उपस्वर शिल्लक असतात आणि मेंदू त्यांच्यातल्या समान अंतरावरून खालचा स्वर जुळवून घेतो. त्यामुळेच घरातल्या छोट्या स्पीकरवर पेडल ऐकून निर्णय घेऊ नये. तिथे खर्ज गेला काय नि राहिला काय, कानाला फारसा फरक पडत नाही. मोठ्या स्पीकरसमोर उभं राहिलं की छातीत जाणवणारा दाब आहे की नाही ते लगेच कळतं.

ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शनमध्ये तर खर्ज मुद्दाम कापला जातो, आणि त्याला कारणही आहे. या पेडलमध्ये सिग्नल इतका वाढवतात की त्याचे माथे छाटले जातात. त्यातूनच खरखरीत, दाट आवाज येतो. खालचे स्वर सर्वांत जोरदार असतात. ते तसेच आत सोडले तर सगळी जागा तेच व्यापतात आणि आवाजाचा चिखल होतो. म्हणून ट्यूब स्क्रीमर या प्रसिद्ध पेडलमध्ये छाटणीच्या टप्प्यावर साधारण ७२० हर्ट्‌झच्या खालचा भाग क्रमाने कमी वाढवला जातो. गिटारला हे फार छान मानवतं. बेसच्या बाबतीत मात्र जवळजवळ सगळे मूळ स्वर त्या सीमेच्या खालीच असतात.

यावरचा उत्तम उपाय म्हणजे ब्लेंडचं बटण. सिग्नलचे आत दोन भाग होतात. एक छाटला जातो, दुसरा स्वच्छ राहतो आणि शेवटी दोन्ही हव्या त्या प्रमाणात मिसळतात. ड्राइव्ह घ्यायचं असेल तर ब्लेंड असलेलंच घ्यावं, असा माझा आग्रह आहे. पण दुकानात त्याची एक परीक्षा घ्या. जाड तार मोकळी वाजत ठेवा आणि ब्लेंड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. मधल्या जागी आवाज दोन्ही टोकांपेक्षा पातळ झाला, तर दोन वाटांचे तरंग एकमेकांना खोडत आहेत, म्हणजे एकाचा चढ दुसऱ्याच्या उतारावर पडतो आहे. असं पेडल तिथेच ठेवून द्यावं. तुलना करताना पेडल चालू आणि बंद असतानाचा आवाज कानाला सारखा मोठा लावून घ्या, कारण किंचित मोठा आवाज आपल्याला नेहमी अधिक भरीव वाटतो.

कॉम्प्रेसर म्हणजे जोरात वाजलेला आवाज दाबून सगळे स्वर सारख्या जोराचे करणारं पेडल. त्यात गोम वेगळी आहे. ४१ हर्ट्‌झच्या एका आवर्तनाला सुमारे २४ मिलिसेकंद लागतात. कॉम्प्रेसरची आवाजावरची पकड त्याहून झटपट सुटत असेल, तर तो स्वराचा जोर सांभाळण्याऐवजी प्रत्येक लाटेच्या चढउतारामागे धावतो आणि स्वच्छ स्वर फाटका ऐकू येतो. रिलीज, म्हणजे ही पकड सुटायला लागणारा वेळ, वाढवता येतो का, ते पाहून घ्यावं. वाजवलेल्या स्वराला एक सप्तक खालचा स्वर जोडणाऱ्या ऑक्टेव्ह पेडललाही हेच २४ मिलिसेकंद नडतात. स्वर ओळखायला निदान एक-दोन आवर्तनं हवीतच, त्यामुळे सर्वांत खालच्या स्वरांवर ती अडखळतात. १९८२ साली आलेलं बॉसचं ओसी-२ असो की नवं एखादं, खाली उतरत एकेक स्वर वाजवून ते कुठे डळमळतं ते बघावं.

आता डब्याचा टिकाऊपणा. बिघाड बहुधा चिपमध्ये होत नाही. हलणाऱ्या, दाबल्या जाणाऱ्या भागांत होतो. जॅक नटाने धातूच्या डब्याला आवळलेला असेल तर केबलचा ताण डबा सोसतो. नुसताच सर्किट बोर्डावर बसवलेला असेल तर तो ताण डाखाच्या सांध्यांवर येतो आणि ते कालांतराने तडकतात. तार वाजत असताना प्लग हलकेच हलवून पाहा. कडकड झाली की समजा. पायाने दाबायच्या स्विचचे दोन प्रकार असतात. एकात सिग्नल थेट स्विचच्या पात्यांतून जातो, म्हणजे पाती झिजली की आवाज तुटतो. दुसऱ्यात स्विच फक्त इशारा देतो आणि जोडणी रिले किंवा ट्रान्झिस्टर करतो. हा सहसा जास्त टिकतो.

वीजपुरवठ्याकडे दुर्लक्ष करू नका. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट लागतात आणि प्लगचं मधलं टोक ऋण असतं, पण डब्यावरची खूण वाचल्याशिवाय ॲडॉप्टर लावू नये. ॲडॉप्टरची मिलिअँपिअरची क्षमता गरजेपेक्षा जास्त असली तर काही बिघडत नाही; व्होल्टेज जास्त झालं तर पेडल जळू शकतं. एकाच ॲडॉप्टरवरून साखळीने पाच-सहा पेडल्स चालवली की गुणगुण शिरते, विशेषतः त्यात डिजिटल पेडल असेल तर. बेसवाल्याला ही गुणगुण जास्त छळते. ५० हर्ट्‌झच्या विजेची घरघर ५० आणि १०० हर्ट्‌झला येते, आणि बेसच्या मोकळ्या तारा आहेत ४१, ५५, ७३ आणि ९८ हर्ट्‌झच्या. घरघर गाळायला जावं तर स्वरही गळतात. म्हणून प्रत्येक पेडलला स्वतंत्र, एकमेकांपासून अलग केलेला पुरवठा देणारा सप्लाय घ्यावा. नव्या पेडलपेक्षा मी आधी त्यावर खर्च करेन.

शेवटची चाचणी विक्रेत्याला विचारून करा: सूर वाजत असताना ॲडॉप्टर काढा. काही पेडल्समधून मूळ आवाज तसाच पुढे जातो, काही साफ मुकी होतात. मुकं होणारं पेडल वाईट असतं असं नाही. त्यातला बफर, म्हणजे सिग्नलला पुढे ढकलायला बळ देणारं छोटं सर्किट, लांब केबलमध्ये हरवणारी वरची धार वाचवतो. पण मंचावर असं पेडल वापरणार असाल, तर त्याला बगल देऊन थेट ॲम्पला जोडता येईल अशी एक जादा केबल हाताशी ठेवा.