काळ्या दारूचं रिव्हॉल्व्हर आणि गरम पाणी

ठासणीची बंदूक कोकणातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे: दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालून गजाने ठासायची. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेलं रिव्हॉल्व्हरही ठासणीचंच. फक्त दारूगोळा नळीत न ठासता फिरत्या सिलिंडरच्या पाच-सहा घरांत ठासायचा आणि प्रत्येक घराच्या मागच्या निपलवर, म्हणजे पोकळ बोंडावर, घोडा आपटला की पेट घेणारी तांब्याची टोपी बसवायची.

त्या काळची काळी दारू म्हणजे साधारण ७५ टक्के सोरा (पोटॅशियम नायट्रेट), १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. ही दारू पूर्ण जळून जात नाही. निम्म्याहून जास्त वजन घनरूपात उरतं; त्यातलं काही धुरासोबत उडतं, बाकीचं कीट होऊन लोखंडाला चिकटतं. त्यातले पोटॅशियमचे क्षार हवेतली ओल ओढतात. दमट हवेत एका रात्रीत गंज धरतो.

साध्या बंदुकीत हे कीट नळीपुरतं असे. रिव्हॉल्व्हरमध्ये ते सिलिंडरच्या आसावर बसतं आणि सिलिंडर फिरेनासा होतो. म्हणून कोल्टने जाड आसावर वंगण धरून ठेवणाऱ्या खाचा पाडल्या. १८५१ च्या नेव्ही मॉडेलची पाचर ठोकून सरकवली की नळी निघते, मागोमाग सिलिंडरही. माझ्या मते कोल्टची खरी हुशारी इथे दिसते: सफाईचा विचार रचनेतच होता. बंदुकीसोबतच्या सूचनाही सरळ होत्या. कोमट पाण्याने धुवा, कोरडं करा, तेल द्या, आसाला सढळ हाताने.

लोखंडाला पाणी लावायचं हे ऐकून आजही लोक दचकतात. पण हे क्षार पाण्यातच विरघळतात, तेलात नाही. टोपीतल्या पोटॅशियम क्लोरेटमागे उरणारा, मिठाच्याच जातीचा क्षारही तसाच. नुसतं तेल चोपडलं तर तो तेलाखाली राहून लोखंड खातो. आणि पाणी कढत असेल तर धातू तापतो, उरलेली ओल आपोआप उडते.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएयने धूरविरहित दारू केली आणि काळी दारू मागे पडली. १९५० च्या दशकाच्या अखेरीस इटलीतल्या गार्दोने व्हाल त्रोंपिया भागात जुन्या कोल्टच्या प्रतिकृती बनू लागल्या, तेव्हा ही सफाई नव्या नेमबाजांना पुन्हा शिकावी लागली. कढत पाण्यात सिलिंडर बुडवला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो गंधकाचा. पहिलं पाणी शाईसारखं काळं, दुसरं राखाडी. पाणी नितळ येईपर्यंत ब्रश चालवायचा, मग निपल काढून त्यांचे आटे पुसायचे.