व्यायाम सोडला की स्नायूंची चरबी होते?

"एकदा जिम लावलीस की सोडता येणार नाही, सोडलीस तर सगळ्याची चरबी होईल." पेठांमधल्या तालमींपासून कोथरूडच्या जिमपर्यंत पुण्यात हे अजून ऐकू येतं. या भीतीपोटी कितीतरी जण, विशेषतः मुली, वजनं उचलायला सुरुवातच करत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं, कारण ही समजूत साफ चुकीची आहे.

स्नायू प्रथिनांच्या तंतूंचे बनलेले असतात. चरबी साठते ती वेगळ्याच पेशींत. एकाचं दुसऱ्यात रूपांतर होत नाही, आणि म्हणूनच पोटाची चरबी 'स्नायूत बदलून' देण्याचं आश्वासनही खोटं.

मग कुस्ती सुटलेला पैलवान सुटतो कसा? जोर-बैठका थांबतात, तंतू बारीक होत जातात. खुराक मात्र तोच राहतो: दूध, तूप, बदामाची थंडाई. न वापरलेली ऊर्जा चरबी म्हणून साठते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, म्हणून आरशात अदलाबदल झाल्यासारखी दिसते.

गणपतीत दोन आठवडे खंड पडला तर घाबरू नका. दंड बारीक वाटतात ते बरंचसं स्नायूंतलं ग्लायकोजेन (साठवलेली साखर) आणि पाणी कमी झाल्यामुळे. शिवाय गमावलेले स्नायू पहिल्यांदापेक्षा लवकर परत येतात. वेळच नसेल, तर उचलायचं वजन तेवढंच ठेवून आठवड्यातून एकदा-दोनदा केलेला व्यायामही कमावलेलं बऱ्यापैकी टिकवतो. अंडी, उसळ, दही चालू ठेवा. हात आखडायचा तो तूप-साखरेवर.