ठाण्याचा घाम, ह्यूस्टनचं वादळ

ठाणे-नवी मुंबईतून कोणी अमेरिकेत, टेक्सासमधल्या ह्यूस्टनला निघालं की सोसायटीत सगळ्यांचं एकच ठरलेलं, अरे तुला काय त्रास होणार, तिथलं हवामान आपल्यासारखंच, दमट, सवय आहे आपल्याला. आम्ही काही वर्षं ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी भागात राहिलो, आता ऐरोलीत आहोत, भाचा अजून तिकडेच आहे, त्यामुळे दोन्हीकडचा घाम गाळलाय म्हणायला हरकत नाही. तर घाम जवळपास सारखाच असतो. पण घाम आणणारी वाफ पुढे आकाशात जाऊन काय करते ते वेगळं, आणि वादळ गेल्यावर आपण ज्या घरात बसलेलो असतो ते घर तर फारच वेगळं, आणि खरा धोका तिथे आहे असं माझं मत आहे.

आधी घामाचं बघू. लोक ह्युमिडिटीचे टक्के एकमेकांना सांगत बसतात, आमच्याकडे ९० टक्के, आमच्याकडे ८५ टक्के, आणि त्यातून काहीही कळत नाही. मोबाईलवर सकाळी २६ डिग्री आणि ९० टक्के दिसतं, दुपारी ३४ डिग्री आणि ५७ टक्के, आणि आपल्याला वाटतं चला, हवा कोरडी झाली. काही कोरडी वगैरे झालेली नसते हो! वाफ तेवढीच असते, फक्त हवा तापली की ती जास्त वाफ मावून घेऊ शकते, दर डिग्रीला साधारण ७ टक्के जास्त, म्हणून टक्का खाली आलेला दिसतो. त्यापेक्षा दवबिंदू बघावा, म्हणजे हवा किती डिग्रीपर्यंत गार केली की दव धरायला लागतं तो आकडा. वरच्या दोन्ही वेळांना तो २४ च येतो. दवबिंदू १५-१६ असेल तर हवा मस्त वाटते, २० च्या पुढे चिकचिक सुरू, आणि २४ च्या पुढे पंख्याखाली बसूनही शर्ट पाठीला चिकटलेलाच.

हा आकडा घरी काढता येतो, मुलांना दाखवायलाही मजा येते. बाल्कनीत (एसीच्या खोलीत नाही) स्टीलचा पेला ठेवायचा, अर्धा पाण्याने भरायचा, त्यात थर्मामीटर, तापाचा नको, तो इतका खाली दाखवत नाही, स्वयंपाकातला चालेल. मग बर्फाचा एकेक बारीक तुकडा टाकत ढवळत राहायचं आणि पेल्याच्या बाहेरून अधूनमधून कोरडं बोट फिरवायचं. सुरुवातीला पेला कोरडा लागतो, मग चकचकीत स्टील एकदम मळकट दिसायला लागतं, बोट फिरवलं की रेघ उमटते, त्या क्षणाचं तापमान म्हणजे दवबिंदू. जूनमध्ये ऐरोलीत हा आकडा २५ च्या आसपास निघतो. ह्यूस्टनला जुलैमध्ये २३-२४. म्हणजे वाफेच्या बाबतीत आपण त्यांच्यापेक्षा कणभर पुढेच! फरक असा की आपल्याकडे जुलैत ढग असतात आणि पारा ३० च्या आसपास, त्यांच्याकडे डोक्यावर रणरणतं ऊन आणि ३५. त्यांचा जुलै म्हणजे आपला मे, आणि तो मे सप्टेंबरपर्यंत हलत नाही, मध्ये पावसाळा येऊन सोडवत नाही.

आता घाम काय करतो. एक लिटर घाम अंगावरच पूर्ण वाळला तर तो साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण वाळला तर. टपकन खाली पडला तर त्याचा उपयोग शून्य, फक्त पाणी आणि मीठ गेलं. दमट हवेत नेमकं हेच होतं, धारा लागतात पण अंग गार होत नाही. म्हणून तर नागपूरचा कूलर ठाण्यात आणला की नुसता कोंदट वारा मारतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलं की जे तापमान दिसतं त्याला ओल्या फुग्याचं तापमान (वेट बल्ब) म्हणतात, घाम वाळवून शरीर जास्तीत जास्त किती गार होऊ शकतं याचा तो अंदाज. नागपूरला ४४ डिग्री आणि १५ टक्के असताना ते सुमारे २३ येतं, आणि ठाण्यात ३४ डिग्री आणि ६५ टक्के असताना साडेअठ्ठावीस! पारा दहा डिग्रीने कमी, तरी घामाच्या दृष्टीने ठाणं जास्त वाईट.

हे ओल्या फुग्याचं तापमान ३५ झालं की धडधाकट माणूसही सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसून काही तासांपेक्षा जास्त तग धरू शकत नाही, असं २०१० मध्ये शेरवूड आणि ह्यूबर या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं. नंतर अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीत तरुण, निरोगी लोकांना खोलीत बसवून प्रयोग झाले तेव्हा दिसलं की दमट हवेत शरीराचं गणित ३१ च्या आसपासच बिघडायला लागतं. आपल्याकडे १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा कार्यक्रम झाला, लाखो लोक उघड्यावर उन्हात बसलेले, तापमान ३८ च्या आसपास, आणि उष्माघाताने १४ जण गेले. ३८ म्हटलं तर चंद्रपूरचा माणूस हसेल. पण म्हणूनच हवामान खातं उष्णतेची लाट ठरवताना मैदानी भागाला किमान ४० ची अट लावतं आणि किनारपट्टीला ३७ ची.

आता तीच वाफ वर जाते. पाण्याची वाफ करताना जी उष्णता लागली ती कुठे नाहीशी होत नाही, ढगात वाफेचं परत पाणी झालं की ती सगळी हवेला मिळते, हवा आणखी तापते, हलकी होते, आणखी वर जाते, खालून आणखी वाफ ओढून घेते. किती उष्णता? एक किलो पाण्यामागे साधारण ०.७ युनिट, आपल्या विजेच्या बिलावरचं युनिट. एक चौरस किलोमीटरवर फक्त १० मिलिमीटर पाऊस पडला तरी ते १ कोटी लिटर पाणी होतं, म्हणजे वर ढगात सुमारे ७० लाख युनिट उष्णता सुटलेली असते. आणि १० मिमी म्हणजे आपल्याकडे पाऊसच नाही, २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी झाला होता.

मग प्रश्न पडतो की एप्रिल-मेमध्ये एवढी चिकचिक असते तर रोज वादळ का होत नाही? कारण वाफेचा थर पातळ असतो. समुद्रावरून आलेली दमट हवा खाली, आणि तिच्यावर जमिनीकडून आलेली गरम कोरडी हवा पातेल्यावरच्या झाकणासारखी बसलेली. खालची हवा वर जाऊ बघते, झाकणाला अडते, परत खाली. आपण म्हणतो आज ढग आले पण पडला नाही मेला. ह्यूस्टनलाही हेच, फक्त त्यांची दमट हवा मेक्सिकोच्या आखातातून येते आणि झाकण मेक्सिकोच्या पठारावरून. ज्या दिवशी झाकण फुटतं त्या दिवशी साठलेलं सगळं एकदम उसळतं. आणि टेक्सासमध्ये वसंतात वरचे वारे फार जोरात असतात, खाली एक दिशा, वर दुसरीच दिशा आणि दुप्पट-तिप्पट वेग, त्यामुळे ढगच गोल फिरायला लागतो आणि त्यातून टोर्नेडो. ठाण्यात मे महिन्यात वरचे वारे तेवढे तगडे नसतात म्हणून आपला वळीव बहुतेक वेळा तासाभरात आटोपतो, लाईट जातात, दोन झाडं पडतात, आणि मग मातीचा वास.

पण बहुतेक वेळाच. २०२४ चा मे आठवा. १३ मेला दुपारी ठाणे, ऐरोली, मुलुंड सगळीकडे आकाश पिवळं-मातकट झालं, धुळीने समोरची बिल्डिंग दिसेना, आणि घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जण गेले. त्यानंतर तीनच दिवसांनी, १६ मेला संध्याकाळी, ह्यूस्टनला सरळ रेषेत वाहणाऱ्या वाऱ्यांचं वादळ आलं, तिकडे त्याला डेरेचो म्हणतात, डाउनटाउनमध्ये ताशी १६० किलोमीटरपर्यंतचे झोत, टॉवरांच्या काचा रस्त्यावर, आणि जवळपास दहा लाख ग्राहकांची वीज गेली. भाच्याचा फोन, की मावशी, तुमच्याकडचं आमच्याकडे आलं. तसं नव्हतं अर्थात, दोन्ही वादळांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण आतली यंत्रणा एकाच जातीची. ढगातून पाऊस खाली पडताना मध्ये कोरडी हवा लागली की तो वाटेतच वाळायला लागतो, वाळताना हवेची उष्णता घेतो (अंगावरच्या घामाचाच न्याय), ती हवा गार आणि जड होते, धाडकन खाली येते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. पाऊस यायच्या आधी जो एकदम गार वारा येतो ना, ज्याला आपण खिडकीत उभं राहून आहा म्हणतो, तो हाच. तो वारा सुटला की खिडकीत उभं राहू नका, कपडे पण राहू देत.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे लोकांच्या लक्षात येत नाही. ताशी १०० किलोमीटरचा वारा धरला तर सपाट गोष्टीवर दर चौरस मीटरला साधारण ४७ किलोंचा दाब येतो. घाटकोपरचं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, म्हणजे सुमारे १३४० चौरस मीटर, गुणाकार करा, साठ टनांच्या वर जातो, आणि तोही आडवा. हे गणित दहावीतला मुलगा करू शकतो, त्यामुळे निसर्गाचा कोप वगैरे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

आता घरांकडे येते. ८ जुलै २०२४ ला बेरिल चक्रीवादळ टेक्सासच्या किनाऱ्यावर आलं. अमेरिकेच्या मोजपट्टीत पहिल्याच पायरीचं, म्हणजे सगळ्यात सौम्य, ताशी १३० किलोमीटर. वादळ अर्ध्या दिवसात निघून गेलं. पण ह्यूस्टन परिसरात २२ लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, काहींची आठवडाभर आली नाही, आणि वादळ सरल्यावर लखलखीत ऊन पडलं. मृतांच्या यादीत वादळात सापडलेल्यांबरोबर असेही लोक होते जे नंतर आपापल्या घरात उष्माघाताने गेले. तिकडची घरं एसी गृहीत धरूनच बांधलेली असतात, लाकडाचा सांगाडा, त्यात इन्सुलेशन, खिडक्या अर्ध्याच उघडतात किंवा रंगाने चिकटून गेलेल्या, समोरासमोर खिडक्या नाहीत, छपराखाली पोटमाळा तापलेला. एसी बंद पडला की घर दोन तासांत भट्टी. बऱ्याच ठिकाणी शेगडीही विजेची, म्हणजे चहासुद्धा नाही.

आणि सवय आहे आपल्याला, हे जे सोसायटीत म्हणतात त्याचं काय होतं ते पण सांगते. उकाड्याची सवय खरी असते, शरीरात मोजता येते, रोज थोडा वेळ उष्णतेत काम केलं की १० ते १४ दिवसांत रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो आणि त्यात मीठ कमी जातं. पण ही सवय टिकत नाही. घर एसी, गाडी एसी, ऑफिस एसी, मॉल एसी असं महिनाभर केलं की ती जवळपास पुसली जाते, मग तुम्ही ठाण्यात वाढलात का ओस्लोत, शरीराला काही पडलेलं नसतं. घोडबंदर रोडला नवीन टॉवर बघते, बंद काचा, बाल्कनी फ्लॅटमध्ये घेतलेली, क्रॉस व्हेंटिलेशन कागदावर, तेव्हा वाटतं आपण हौसेने ह्यूस्टन बांधतोय, फक्त लिफ्ट जनरेटरवर चालते एवढंच समाधान. जुन्या नौपाड्यातल्या घरांना समोरासमोर खिडक्या आणि वर झरोके होते ते काही उगाच नाही. दमट हवेत वारा हेच औषध, त्वचेला लागून बसलेली ओली हवा तो हलवतो, ३७-३८ पर्यंत साधा पंखाही खूप काम करतो.

तिकडे नवीन जाणाऱ्यांना मी हवामानाचं ॲप दाखवत बसत नाही, फोन आपोआप किंचाळतो टोर्नेडोचा इशारा आला की, तेव्हा खालच्या मजल्यावर, बिनखिडकीच्या आतल्या खोलीत किंवा बाथरूममध्ये जायचं, व्हिडिओ काढायला अंगणात नाही. विजांचं दोन्हीकडे सारखंच, चमकल्यापासून गडगडाटापर्यंत दर तीन सेकंदांना एक किलोमीटर, तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर आत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास आतच राहा. इथे असाल तर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप ठेवा. जनरेटर घेतलात तर तो घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून लांब, गॅरेजमध्ये कधीच नाही, गॅरेजचं दार उघडं ठेवलं तरी नाही, त्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर त्याने माणसं मरतात. पंख्यासाठी आणि फोनसाठी बॅटरीचा पॉवर स्टेशन बॉक्स बरा पडतो, भाच्याने बेरिलनंतर घेतला. आणि जुलै-ऑगस्टच्या सुट्टीत भारतात येताना बिल वाचवायला एसी पूर्ण बंद करून येऊ नका, थर्मोस्टॅट २६-२७ ला ठेवा. नाहीतर परत जाऊन दार उघडाल तेव्हा चामड्याचे बूट, सोफा, कपाटातले सूट सगळ्यावर हिरवी-पांढरी बुरशी, आणि ती कार्पेटमध्ये गेली की निघत नाही. इथे निदान कार्पेट तरी नसतं.