पारदर्शक कव्हर मागवण्याआधी कन्सोल उलटा करून बघा

"स्विचचं ट्रान्सपरंट कव्हर आहे का? असेल तर आजच पाठवा." स्विच म्हणजे निन्टेंडो कंपनीचा, हातात धरून खेळायचा गेम कन्सोल. बहुतेक ग्राहकांचा पहिला निरोप एवढाच असतो, आणि आमचं पहिलं उत्तरही ठरलेलं असतं: कन्सोलच्या मागच्या बाजूचा, मॉडेल नंबर वाचता येईल असा फोटो पाठवा. यावर काही जण नाराज होतात. पैसे द्यायला आपण तयार असताना दुकानदार फोटो कशाला मागतो, असं वाटणं साहजिक आहे. पण फोटो पाहिल्याशिवाय आम्ही एकही कव्हर बाहेर पाठवत नाही. का, ते एकदा नीट लिहून ठेवावं म्हणून हे पत्रक.

'स्विच' हे आडनाव झालं, घरात भावंडं चार आहेत. २०१७ चा मूळ स्विच, २०१९ चा लाइट, २०२१ चा ओएलईडी आणि २०२५ चा स्विच २. लाइट लहान आहे आणि स्विच २ चांगलाच मोठा, त्यामुळे त्या दोघांत सहसा कुणी चुकत नाही. घोळ होतो तो मूळ स्विच आणि ओएलईडी यांच्यात. दोघांची उंची १०२ मिलिमीटर, जाडी १३.९ मिलिमीटर, दोन्ही बाजूंचे काढता येणारे कंट्रोलरही तेच. शेजारी ठेवले तर जुळे वाटतात. लांबी मात्र मूळ स्विचची २३९ मिलिमीटर आणि ओएलईडीची २४२.

तीन मिलिमीटरने काय बिघडतं, हे आम्हाला फार वेळा विचारलं जातं. कडक पारदर्शक कव्हर पॉलीकार्बोनेट या टणक प्लास्टिकचं असतं. ते ताणलं जात नाही. कन्सोलला ते धरून ठेवतं ते कडेच्या बारीक ओठांनी, आणि हे ओठ नखाच्या कडेइतके पातळ असतात. मूळ स्विचचं कव्हर ओएलईडीवर ठेवलं की डावी बाजू व्यवस्थित बसते, हातालाही बसल्यासारखी लागते. उजवा ओठ मात्र कडेवरच चढून राहतो. मग माणूस काय करतो? अंगठ्याने दाबतो. 'कट्' असा आवाज येतो आणि कव्हर बसलं असं वाटतं. तो आवाज बहुतेक वेळा ओठ तुटल्याचा असतो. दोन-चार दिवसांनी कव्हर एका बाजूने उचललं जातं, आणि आमच्याकडे तक्रार येते की माल ठिसूळ निघाला.

मागची बाजूही वेगळी आहे. मूळ स्विचचा स्टँड म्हणजे एका कडेची अरुंद पट्टी, तर ओएलईडीचा स्टँड जवळजवळ पूर्ण पाठीएवढा रुंद. एकाच्या कव्हरमधली खाच दुसऱ्याच्या स्टँडसाठी उपयोगाची नाही.

स्क्रीनच्या इंचावरून कव्हर ठरवणारेही पुष्कळ आहेत. 'सात इंची आहे' एवढ्यावर काहीच ठरत नाही. स्विच ओएलईडीची स्क्रीन सात इंची, पहिल्या स्टीम डेकची सात इंची आणि आरओजी अलायचीही सात इंची (हे दोन्ही दुसऱ्या कंपन्यांचे हातातले कन्सोल). पण स्टीम डेकची लांबी २९८ मिलिमीटर आहे, पकडीपाशी त्याची जाडी ४९ मिलिमीटर भरते, आणि त्याचं कव्हर स्विचच्या जवळपासही बसत नाही. खोक्याच्या फोटोवरही आम्ही विसंबत नाही. एका ताईंनी मुलासाठी कव्हर मागवताना खोक्याचा स्वच्छ फोटो पाठवला होता. खोकं मूळ स्विचचं होतं, पण कन्सोल मध्यंतरी बदलून घेतलेला होता आणि खोकं तेवढं जुनंच राहिलं होतं. मुलाच्या वाढदिवशी कव्हर बसलं नाही. तेव्हापासून आम्ही खोकं बघणंच सोडलं.

सगळ्यात जास्त वेळ जातो तो मात्र एका शब्दापायी: 'नवा'. कुणी लिहितं, "माझा नवा थ्रीडीएस एक्सएल आहे." आता, थ्रीडीएस एक्सएल हा निन्टेंडोचाच जुना कन्सोल २०१२ मध्ये आला, आणि पुढे कंपनीने 'न्यू थ्रीडीएस एक्सएल' याच नावाचा वेगळा कन्सोल काढला. त्यातला 'न्यू' हा नावाचाच भाग आहे. लिहिणाऱ्याच्या मनात 'अलीकडे विकत घेतला' असतं, आमच्या कपाटात ते दोन वेगळे कप्पे असतात. लांबीत चार मिलिमीटरचा फरक आहे, शिवाय गेमचं कार्ड घालायची जागा जुन्यात मागच्या कडेला आहे आणि न्यूमध्ये पुढच्या कडेला, म्हणजे चुकीच्या कव्हरने ती झाकलीच जाते. ओळखायची खूण सोपी आहे. उजवीकडच्या चार बटणांच्या वर एक छोटी गोल गुंडी दिसली तर तो 'न्यू', मग तुम्ही तो कितीही जुना घेतलेला असो. जपानमधून आलेल्या कन्सोलवर एक्सएलच्या जागी 'एलएल' असतं, त्याने गोंधळू नका.

जुन्या यंत्रांवर जीव असलेल्यांनाही हेच सांगणं. सोनी कंपनीच्या पीएसपी या जुन्या कन्सोलची पहिली आवृत्ती, १०००, २३ मिलिमीटर जाड होती. २००० आणि ३००० या दोन्ही १८.६ मिलिमीटरच्या, त्यामुळे त्या दोघींना आमचं एकच कव्हर चालतं, पण १००० ला नाही. सोनीच्याच व्हिटाचंही तसंच, १००० जाड आणि २००० सडपातळ.

तेव्हा कन्सोल उलटा करा. मॉडेल नंबर पाठीवर किंवा खालच्या कडेला बारीक अक्षरांत असतो. स्टँड असेल तर तो उघडून खालीही बघा. मूळ स्विचवर एचएसी-००१ दिसेल. त्यापुढे कंसात आणखी ०१ असेल तर ती जास्त चालणाऱ्या बॅटरीची २०१९ ची आवृत्ती, पण शरीर तेच, कव्हरही तेच. लाइटवर एचडीएच-००१, ओएलईडीवर एचईजी-००१, स्विच २ वर बीईई-००१. फोटो काढताना अनुक्रमांक बोटाने झाकलात तरी चालेल, तो आम्हाला लागत नाही.

मूळ स्विच देऊन ओएलईडी घेतला असेल तर एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे. दोघांचे कंट्रोलर सारखेच असल्याने तीन तुकड्यांच्या कव्हरमधले कंट्रोलरवरचे दोन तुकडे नव्या कन्सोललाही चालतात. मधला तुकडा आम्ही सुटा देतो. अख्खा संच घ्यायची गरज नाही, आणि कुणी मागितला तरी आधी आम्ही हेच सांगतो.

कडक घ्यावं की मऊ?

कडक पॉलीकार्बोनेट काचेसारखं स्वच्छ दिसतं, पातळ असतं आणि वर्षानुवर्षं बरंचसं तसंच राहतं. ओरखड्यांपासून ते छान वाचवतं. पडण्यापासून मात्र बेताचंच वाचवतं, कारण बसलेला धक्का ते फारसा पचवत नाही. मऊ कव्हर टीपीयूचं, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकचं असतं. ते धक्का पचवतं, हातातून निसटत नाही, पण ऊन आणि उष्णता लागली की हळूहळू पिवळं पडतं. हा पिवळेपणा मळ नसतो. साबणाने, सोड्याने, कशानेच तो जात नाही, कारण बदल पदार्थाच्या आतच झालेला असतो. 'कधीच पिवळं पडणार नाही' असं टीपीयूबद्दल लिहिलेलं कुठे दिसलं तर आम्ही तरी त्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि आमच्या मालावर तसं लिहिणारही नाही.

मऊ कव्हरबद्दल आणखी एक तक्रार येते: आत पाणी गेल्यासारखे डाग दिसतात. ते पाणी नसतं. गुळगुळीत टीपीयू गुळगुळीत पाठीला जिथे चिकटतं तिथे तसा डाग दिसतो. म्हणून आम्ही आतून बारीक ठिपक्यांची बनावट असलेलंच मऊ कव्हर ठेवतो. कव्हर उजेडात तिरकं धरलंत तर ते ठिपके दिसतील. पीव्हीसीचं स्वस्त मऊ कव्हर आम्ही ठेवतच नाही. त्याला मऊपणा येण्यासाठी जे मिसळलेलं असतं ते कालांतराने बाहेर येतं, कव्हर चिकट होतं आणि कन्सोलच्या प्लास्टिकलाही ते बाधू शकतं.

आमचा सल्ला असा. टीव्हीला जोडून खेळत असाल तर पातळ कडक कव्हर. स्टीम डेकसारखा साडेसहाशे ग्रॅमच्या आसपासचा कन्सोल हातात धरून खेळत असाल तर मऊ, आणि त्याच्या कडा स्टिकच्या (अंगठ्याने फिरवायच्या दांड्यांच्या) टोकांपेक्षा उंच असाव्यात, म्हणजे पालथा पडला तरी स्टिकवर भार येत नाही. दोघं भावंडं कंट्रोलर काढून खेळत असतील तर तीन तुकड्यांचंच घ्या. एकसंध कव्हरमध्ये दर वेळी सगळं उतरवावं लागतं आणि मुलं ते घाईत ओढतात. स्विच २ चे कंट्रोलर चुंबकाने जोडले जातात आणि मागचं बटण दाबून सुटतात. तिथे कव्हरची कड मध्ये येता कामा नये, आणि ते बटणही मोकळं हवं.

'डॉकमध्ये (कन्सोल टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) जातं का?' याचं उत्तर: आमचं पातळ कव्हर जातं, पण कन्सोल आपल्या वजनाने खाली सरकला पाहिजे. हाताने रेटावं लागत असेल तर तिथेच थांबा आणि कव्हर काढा, नाहीतर खालच्या जोडणीवर ताण येतो आणि स्क्रीनही घासू शकते.

हवेच्या वाटा मोकळ्या ठेवा. स्विच आणि स्टीम डेक पाठीच्या जाळीतून हवा आत घेतात आणि वरच्या फटीतून गरम हवा बाहेर टाकतात. आमच्या कव्हरांना या दोन्ही जागी खाच असते. स्विच ५ ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये वापरावा असं कंपनीच सांगते. भर उन्हात वापरलेल्या कन्सोलच्या गरमपणाचा दोष कव्हरला देऊ नका.

बसवताना

कडक कव्हरच्या दोन्ही बाजूंना पातळ फिल्म असते, ती काढायची. तिला कोपऱ्यात छोटी जीभ असते. न काढता बसवलेली कव्हरं आमच्याकडे 'धुरकट आहे' म्हणून परत आली आहेत. पण स्विच ओएलईडी आणि स्विच २ यांच्या स्क्रीनवर कंपनीने चिकटवलेली फिल्म असते, ती कधीही काढू नका. काच फुटली तर तुकडे उडू नयेत म्हणून ती तिथे आहे. या दोन फिल्ममध्ये गल्लत झाली तर ते नुकसान आम्हालाही भरून देता येत नाही.

मग कन्सोल आणि कव्हरची आतली बाजू मऊ कापडाने पुसा. कव्हर चरे पाडत नाही. कव्हर आणि पाठ यांच्यामध्ये अडकलेला वाळूचा कण पाडतो, आणि कव्हर घट्ट असल्याने तो तिथेच घासत राहतो. महिन्यातून एकदा कव्हर काढून कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून धुवा, आणि पूर्ण वाळल्यावरच बसवा. थिनर, ॲसिटोन, नेलपॉलिश काढायचा द्रव यातलं काहीही लावू नका. पॉलीकार्बोनेट त्याने पांढरं पडतं आणि तडकतं.

काढताना आधी कंट्रोलरचे तुकडे, मग मधला. एका कोपऱ्यापासून नखाने सुरुवात करा आणि कडेकडेने पुढे सरका. मधोमध धरून वाकवू नका आणि पेचकस तर घालूच नका. ओठ तुटलेलं कव्हर आम्ही परत घेत नाही. पण फोटो आमच्याकडे असूनही चुकीचं कव्हर गेलं असेल तर ती चूक आमची, आणि येण्याजाण्याचा खर्चही आमचाच.

फोटोसोबत एवढंच कळवा: कंट्रोलर काढता का, डॉक वापरता का, आणि स्क्रीनवर वेगळी काच लावली आहे का. लावली असेल तर कव्हरची पुढची कड किती आत येते ते बघून आम्ही तुकडा निवडतो. फोटो अंधुक आला तर टॉर्च तिरकी धरून पुन्हा काढा, राखाडी अक्षरं तशीच उमटतात.