अंगावरची सुरक्षा साधने

धोका जाणवताच एका दाबाने मदतीचा निरोप धाडणारी, अंगावर सहज बाळगता येणारी उपकरणे. पेंडंट, अंगठी, मनगटी पट्टा, की-चेन अशा रूपांत ती मिळतात. बहुतेकांत बटण आणि ब्लूटूथ एवढेच असते. ठिकाण शोधणे, घरच्यांना संदेश पाठवणे ही कामे जोडलेला मोबाइल करतो. फोन बंद पडला किंवा हिसकावला गेला, तर पेंडंटचा नुसता दागिना होतो.

2013 मध्ये चेन्नईच्या एसआरएम विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी विजेचा झटका देणारे, जीपीएसवरून ठिकाण कळवणारे अंतर्वस्त्र तयार केले. त्यांच्यातल्या मनीषा मोहन यांनी पुढे एमआयटी मीडिया लॅबमध्ये कपड्याला चिकटवायचा ‘इन्ट्रेपिड’ हा संवेदक (सेन्सर) बनवला. कपडे जबरीने काढले जात असल्याचे तो ओळखतो, त्यामुळे शुद्धीत नसलेल्या व्यक्तीलाही तो उपयोगी पडावा, ही कल्पना. 2018 मध्ये दिल्लीच्या लीफ वेअरेबल्स या कंपनीला महिला सुरक्षेसाठीचे 10 लाख डॉलरचे एक्सप्राइझ हे पारितोषिक मिळाले.

ठाणे–वाशी ट्रान्सहार्बर मार्गावरच्या ऐरोली, रबाळे, घणसोलीत रात्रपाळी करणाऱ्या मुलींना जपावे लागते ते स्टेशन ते कंपनीचे गेट एवढ्या टप्प्यात. फोन पर्सच्या तळाशी, एका हातात डबा, दुसऱ्याने खांद्यावरची बॅग धरलेली. अशा वेळी ओढणीआडून, समोरच्याला न कळता बटण दाबता येते. या साधनाचे खरे बळ ते हेच. पण तळघरातल्या पार्किंगमध्ये किंवा पारसिक बोगद्यात जीपीएसचा भरवसा नाही. म्हणून तातडीच्या मदतीचा 112, आणि लोकलमध्ये रेल्वेचा 139, हे क्रमांक तोंडपाठ हवेत. 2017 पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये पॅनिक बटण बंधनकारक आहे: साध्या फोनवर 5 किंवा 9 दाबून धरायचे, स्मार्टफोनचे पॉवर बटण तीनदा दाबायचे. पदरचे पैसे न मोडता मिळणारी ही सोय अनेकींना ठाऊकच नसते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, वरिष्ठ यांच्यापुढे बटणाकडे हात सहजी जात नाही, आणि संदेश ज्याला जायचा तोच कधी त्रास देणारा असतो. त्यामुळे संपर्कयादीत घराबाहेरची एखादी मैत्रीण असायलाच हवी.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 नुसार रात्री 9.30 ते सकाळी 7 या वेळेत स्त्रीला तिच्या संमतीनेच कामावर ठेवता येते, आणि तिच्या संरक्षणाची तजवीज मालकाने करायची असते. कर्मचाऱ्यांना पेंडंट वाटून ही जबाबदारी टळत नाही.